सिमच्या सांगाड्याचा घडीचा मोबाइल स्टँड : दोनदा मिटला की तुटतो, काय करावं?

खटपट्या

नमस्कार मंडळी. परवा टीव्हीखालचा खण आवरायला घेतला. आमच्या आईचा 'काही टाकायचं नाही' हा नियम असल्यामुळे त्यात काय काय निघालं ते विचारू नका. गॅसची जुनी पावती, सेफ्टी पिनचा डबा आणि सिमकार्डांची उरलेली मोठी कार्डं. सिम तोडून घेतल्यावर मागे जो खिडकी पडलेला सांगाडा उरतो ना, एटीएम कार्डाएवढा, तो. पाच निघाले.

आई रोज संध्याकाळी ताईला व्हिडिओ कॉल करते. फोन साखरेच्या डब्याला टेकवते. दोन मिनिटांत तो घसरतो आणि पुढचा अर्धा तास ताई आमच्या घरचा पंखा बघत बसते. म्हटलं, या सांगाड्याचा स्टँड करू. पाकिटात मावेल असा, घडीचा.

केला. एका टोकाला १२ मिमी वर दुमडलं, तो झाला फोन अडवायचा ओठ. मग ३० मिमी बैठक, आणि उरलेला ४३ मिमीचा भाग उभा, पाठीसारखा. फोन आडवा ठेवला तर झकास राहिला. मी खूश. मिटून पाकिटात घातला, दुसऱ्या दिवशी मावशीकडे ऐटीत उघडला आणि कट्ट. घडीवर दोन तुकडे. दुसरा केला, तो तिसऱ्यांदा उघडताना गेला. आता तीन सांगाडे शिल्लक आहेत, म्हणून हात आखडता घेतलाय.

घडी टिकेल कशी? आणि फोन उभा ठेवला की मागे का कलंडतो?

(बाजारात पन्नास रुपयांत स्टँड मिळतो हे मला माहीत आहे. ते सांगायला येणाऱ्यांनी चहा घेऊन परत जावे.)

गवतीचहा

पन्नास नाही हो, चाळीसला मिळतो. चहा कुठाय?

उंटावरचा_शहाणा

जागा धरून ठेवतो. या धाग्याची शंभरी भरणार.

सिन्नरकर

सिमच्या कार्डाच्या नादी कशाला लागता? जुन्या ऑडिओ कॅसेटचं कव्हर घ्या. झाकण पूर्ण उलटं फिरवून मागे न्यायचं, कॅसेट सरकवायच्या खोबणीत फोन बसतो. माझ्याकडे गेली दहा वर्षं एकच आहे. आतली कॅसेट भजनांची होती, ती कुठे गेली कोण जाणे, पण कव्हर अजून सेवेत आहे.

मधुरा_के

@खटपट्या, साखरेच्या डब्याचं दुःख समजू शकते. गणपतीत मोदकांची कृती बघायला फोन तांदळाच्या पिठाच्या डब्याला टेकवला होता. मी उकड मळतेय, कानाने "तेलाचा हात लावा" ऐकतेय, आणि फोन हळूच सरकत सरकत थेट परातीत. ऊन ऊन उकडीत अर्धा रुतला. सासूबाई म्हणाल्या, "यालाही कळ्या पाड आता."

फोन जगला. स्पीकरच्या जाळीत उकड वाळून बसली ती टूथब्रशने काढायला दोन दिवस लागले.

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

आजोबा७२

खटपट्या, कात्री लावण्याआधी एक गोष्ट बघा. त्या सांगाड्याच्या मागे बारीक आकडे छापलेले असतात. १९-२० आकडी लांबलचक नंबर असतो तो सिमचा स्वतःचा अनुक्रमांक. आपल्याकडे तो ८९९१ ने सुरू होतो. ८९ म्हणजे दूरसंचार आणि ९१ म्हणजे भारत. पण बऱ्याच कार्डांवर पीयूके नावाचा आठ आकडी नंबरही असतो. सिमचा पिन तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि मग हा पीयूके लागतो. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

मी टेलिफोन खात्यात होतो. लोक हे कार्ड त्याच दिवशी फेकतात आणि दोन वर्षांनी काउंटरवर येऊन भांडतात. कापण्याआधी नंबर वहीत लिहून ठेवा.

खटपट्या

@गवतीचहा, पाठवतो, पत्ता द्या.
@आजोबा७२, धन्यवाद काका. पण सिमला पिन हल्ली ठेवतं कोण? पाचातली तीन तर मेलेल्या नंबरांची आहेत. असो, लक्षात ठेवतो.

(ठेवलं नाही. पुढे येईलच. — हे नंतर संपादित केलं आहे.)

विदर्भाचा_वाघ

भाऊ, पाच सांगाडे? एका माणसाच्या नावावर नऊच्या वर सिम मिळत नाही, जपून राहा. स्टँड राहील बाजूले, पोलिस दारात येतील.

गवतीचहा

@वाघ, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण खरंच, आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. मी बघितलं तर एक नंबर मी कधी घेतलेलाच नव्हता. तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवलं. सगळ्यांनी एकदा बघा.

पुस्तकबांधणीवाला

मूळ प्रश्नाकडे येतो. प्लॅस्टिकची जातच चुकलीय.

हे कार्ड पीव्हीसी नाहीतर एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचं असतं, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही ताठ. एकदा वाकवलं की घडीवर पांढरी रेघ दिसते ना? तिथे ते ताणून आतून फाटायला लागलेलं असतं. शाम्पूच्या बाटलीचं टकटक उघडणारं झाकण बघा. त्याची बिजागरी म्हणजे त्याच प्लॅस्टिकची पातळ पट्टी, पण ते पॉलिप्रॉपिलीन. हजारो वेळा उघडा-मिटा, तुटत नाही. त्रिकोणात ५ छापलेला असतो ते. कार्डाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

आता उपाय. घडी घालूच नका. सरळ कापून दोन तुकडे करा आणि मधे कापडी टेपची बिजागरी द्या. रजिस्टरच्या पाठीला आम्ही लावतो ती, स्टेशनरीच्या दुकानात मिळते. दोन तुकड्यांत कार्डाच्या दोन जाड्यांइतकी फट सोडायची, नाहीतर मिटल्यावर टेप ताणते आणि कडेने सुटते. आधी एका बाजूने टेप, मग पालथं घालून दुसऱ्या बाजूने, आणि फटीत दोन्ही टेप एकमेकींना चिकटतील असं नखाने दाबत न्यायचं. तीस वर्षं वह्या बांधतोय, पाठ सुटल्याची तक्रार नाही.

केमिकल_लोचा

बांधणीवाल्यांशी अर्धा सहमत. घडी कायमची एकाच कोनात ठेवायची असेल तर पीव्हीसीला उष्णता द्या. साधारण ८० अंशांच्या पुढे ते मऊ पडतं. उकळत्या पाण्यात फक्त घडीची जागा अर्धा मिनिट धरा, पट्टीच्या कडेवर वाकवा, गार पाण्यात घाला. पांढरी रेघ येत नाही. एबीएसला मात्र शंभराच्या वर तापमान लागतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात ते ढिम्म हलत नाही. तुमचं कोणतं आहे ते असंच ओळखा.

आणि कृपा करून गॅसच्या ज्योतीवर धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घशाला झोंबतो. पाणी पुरे.

आणि ब्लेडने चरा पाडून वाकवणार असाल तर चरा घडीच्या आतल्या बाजूला हवी. बाहेरून पाडली तर काच कापणारा काडकन तोडतो तसं तुटेल. तुम्ही कुठे पाडली होती?

खटपट्या

...बाहेरून.

केमिकल_लोचा

😄

पेडणेकार

मी एक बघितलंय. आमच्याकडे दुकानावर फोन ठेवायला असंच कार्ड वाकवलं होतं, ते दरवेळी सिमच्या भोकाच्या कोपऱ्यातूनच चिरत गेलं. भोकाच्या रेषेत घडी घालू नका. पलीकडच्या टोकाला, जिथे कार्ड अखंड आहे, तिथे घाला. भोक कार्डाच्या मधोमध नसतंच, एका बाजूला असतं. ओठ घालायचा तर त्याच्या विरुद्ध टोकाला.

खटपट्या

@पेडणेकार, अहो! दोन्ही तुकडे आता समोर ठेवून बघितले. पहिला बरोब्बर भोकाच्या कोपऱ्यातून फाटलाय. दुसरा चऱ्यावर. म्हणजे दोन कार्डांत दोन वेगळ्या चुका केल्या. निदान विविधता आहे.

रोहिणी_नक्षत्र

भोकावरून सुचलं. त्या भोकातून चार्जरची वायर काढता येईल ना? जुन्या सिमचं भोक २५ गुणिले १५ मिमी, टाइप सीची पिन तोंडाशी १२-१३ मिमीच्या आत. फोन उभा ठेवून खालून चार्जिंग! देवाने भोक त्यासाठीच पाडलंय.

उंटावरचा_शहाणा

@रोहिणी, पिन भोकातून जाईल, पण त्याच्या खाली तिचं प्लॅस्टिकचं बूड आणि वळणारी वायर आहे, ती अडीच-तीन सेंटिमीटर जागा मागते. स्टँड तर टेबलाला टेकलेला. आता टेबलाला भोक पाडायचं का?

रोहिणी_नक्षत्र

टेबलाच्या कडेला ठेवायचा!

उंटावरचा_शहाणा

मग पडल्यावर थेट जमिनीवर. साखरेचा डबा बरा.

रोहिणी_नक्षत्र

तुम्ही उंटावरून उतरत नाही कधी.

तराजूकाटा

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे फोन उभा ठेवला की मागे का पडतो हा प्रश्न सोडून देववत नाही.

तुमची मापं घेऊ. फोनचं बूड ओठाशी, पाठ ३० मिमी मागे आणि ४३ मिमी उंच. म्हणजे फोन तिरका टेकतो ती जागा फोनच्या बुडापासून, पायथागोरसने, साधारण ५२ मिमीवर. आडवा फोन ७५ मिमी उंच, त्याचा गुरुत्वमध्य ३७-३८ मिमीवर. तो टेकण्याच्या जागेच्या खाली आहे, त्यामुळे फोनचा भार ओठ आणि पाठ यांच्या मधे पडतो आणि फोन स्वस्थ बसतो. तोच फोन उभा केला की उंची १६० मिमी, गुरुत्वमध्य ८० मिमीवर. टेकण्याच्या जागेच्या कितीतरी वर. भार स्टँडच्या मागच्या कडेच्या पलीकडे जातो आणि सगळंच मागे कलंडतं.

म्हणजे उभ्या फोनसाठी पाठ ८० मिमीच्या वर टेकली पाहिजे, किंवा पाय मागे लांबवला पाहिजे. ८५.६ मिमीच्या एका कार्डात ओठ, बैठक, पाठ सगळं बसवून हे होत नाही. पाठ बैठकीशी काटकोनात उभी आहे तोवर होत नाही. दोन कार्डं लागतील. तुमच्याकडे तीन आहेत, वापरा.

मधुरा_के

सर, तुम्ही आमच्या वेळी का नव्हता? आम्हाला गुरुत्वमध्य म्हणजे फळ्यावरचा ठिपका एवढंच कळलं होतं.

हडपसरी

तराजूकाटा सर एकदम बरोबर, पण बांधणीवाल्यांच्या टेपमध्ये एक घोटाळा आहे तो कुणी बोलत नाहीये. वाकवलेलं प्लॅस्टिक आपला कोन धरून राहतं. टेप कोन धरत नाही. टेपची बिजागरी केलेला स्टँड फोनच्या वजनाने सपाट होऊन झोपणार. दोनशे ग्रॅमचा फोन आहे, पिसाचा नाही.

पुस्तकबांधणीवाला

@हडपसरी, मान्य. पण त्याला उपाय रंगाऱ्याकडे बघा. त्याच्या घडीच्या शिडीच्या दोन पायांमधे साखळी असते ना? ती नसती तर शिडी फाकून रंगारी डब्यासकट खाली. दोन कार्डं वरच्या कडेला टेपने जोडा, शिडीसारखी. खालून दोऱ्याची ओढ द्या. आणि ओढ बांधायला भोकं तुम्हाला कंपनीनेच पाडून दिलीत. दोन्ही सिमची भोकं समोरासमोर येतात.

हडपसरी

वा! हे आवडलं. म्हणजे @रोहिणींच्या भोकाला अखेर काम मिळालं.

रोहिणी_नक्षत्र

धन्स. उंट ऐकतोय का?

उंटावरचा_शहाणा

ऐकतोय. पण ओठ कुठे लावणार? पुढच्या कार्डाचं भोक खालच्या टोकाला आलं तर ओठाची घडी भोकातूनच जाणार, आणि पेडणेकार म्हणाले तिथेच फाटणार.

पेडणेकार

घडीच घालू नका. पहिल्या तुटलेल्या कार्डाची १५ मिमीची अखंड पट्टी कापा, गरम पाण्यात काटकोनात वाकवा आणि पुढच्या कार्डाच्या खालच्या कडेला चिकटवा. तुटकी कार्डं टाकली तर नाहीत ना?

खटपट्या

आमच्या घरात काही टाकत नाहीत हे मी पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. 😄

न्यू_जर्सीची_सून

मी दोन दिवस कौतुकाने वाचतेय आणि एक दुःखद गोष्ट सांगते. इथे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा खणच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं. सांगाडा आणू कुठून? जुलैत पुण्याला येतेय, कुणी दोन देईल का?

विदर्भाचा_वाघ

ताई, लोक अमेरिकेहून चॉकलेट आणतात, तुम्ही इथून सिमचे सांगाडे नेता. कस्टमवाले विचारतील तर काय सांगाल?

आजोबा७२

सांगाडा हळूहळू जाणारच. अवांतर आहे, पण सांगतो. १९९१ साली फिनलंडमध्ये पहिली सिम आली तेव्हा हे अख्खं कार्ड म्हणजेच सिम होतं. एटीएम कार्डासारखं अख्खं फोनमध्ये सरकवायचं. मग फोन लहान होत गेले आणि सिमही. मधला तुकडा तोडून घ्यायचा आणि सांगाडा फेकायचा, असं झालं. मायक्रो, मग नॅनो. नॅनो तर १२.३ गुणिले ८.८ मिमी, शिंक आली तर हरवेल. चिप तेवढीच होती, सगळा कमी झाला तो भोवतीचा प्लॅस्टिकचा पसारा. पण दुकानात हाताळायला, नंबर छापायला सांगाडा एटीएम कार्डाच्याच मापाचा राहिला. आता काही ठिकाणी अर्धा सांगाडा येतो.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रातले दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतर कित्येक वर्षं आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. आमच्या साहेबांचा मोबाइल वाजला की ते नंबर बघून कट करायचे आणि लँडलाइनवरून उलटा फोन लावायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं तेव्हा ते म्हणाले, "आता बायकोला काय कारण सांगू?"

गवतीचहा

आजोबा, तुम्ही एक वेगळा धागा काढाच. 🙏

सिन्नरकर

+१. आणि कॅसेटच्या कव्हरबद्दल कुणी काहीच बोललं नाही याची नोंद घ्यावी.

शिक्षिका_कोपरगाव

लॉकडाउनमधली आठवण. २०२० मध्ये फळ्यावर शिकवण्यासाठी कपड्याच्या हँगरला फोन लटकवलेल्या पुण्याच्या एका शिक्षिकेचा फोटो सगळीकडे फिरला होता. आमच्या शाळेत प्रत्येकीचा आपापला जुगाड होता. माझा असा : खुर्ची उलटी टेबलावर, तिच्या दोन पायांमधे स्वयंपाकघरातली चाळणी, चाळणीवर फोन पालथा, खाली वही. मुलांना माझा फक्त हात दिसायचा. एक मुलगा वर्षअखेरीला भेटला तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बांगडी बदलली."

मधुरा_के

@शिक्षिका, 😄 😄 डोळ्यात पाणी आलं.

केमिकल_लोचा

@खटपट्या, झालं का काही? की आम्ही असेच हवेत शिड्या बांधतोय?

खटपट्या

झालं. रविवार खर्ची पडला, पण झालं. सविस्तर लिहितो.

तिन्ही कार्डांचे कोपरे आधी उकळत्या पाण्यात घालून बघितले. दोन मऊ पडली, एक ढिम्म. म्हणजे दोन पीव्हीसी, एक एबीएस. कोणतं कार्ड काय ते आधी कळायला हवं हे सांगितल्याबद्दल @केमिकल_लोचा यांचे आभार. पाण्यातून काढलेलं कार्ड हातात लवलवतं, आणि गार पाण्यात घातलं की पुन्हा ताठ. आई म्हणाली, पापड करतोयस का?

एबीएसचं पुढे घेतलं, एक पीव्हीसी मागचा पाय. वर कापडी टेप. पहिल्यांदा फट सोडली नाही, त्यामुळे मिटल्यावर टेप फुगली. उपटली, पुन्हा लावली, बांधणीवाल्यांनी सांगितली तेवढी फट ठेवून. कागदाची घडी मिटते तसं आता मिटतं, आवाजही येत नाही. दुसऱ्या पीव्हीसी कार्डाची पट्टी काटकोनात वाकवून ओठ केला आणि चिकटवला. ओढीला आईच्या शिवणाच्या डब्यातला नायलॉनचा दोरा. दोऱ्याची लांबी ठरवायला फोन ठेवून कार्डं फाकवत नेली आणि फोन स्थिर वाटला तिथे गाठ. मोजलं तर खालचं अंतर साडेपाच सेंटिमीटर आलं.

आता उभा फोनही राहतो. टेकण्याची जागा ८० च्या थोडी वर आहे आणि मागचा पायही मागे गेलाय, @तराजूकाटा सर. टिचकी मारली तर डुलतो, पण पडत नाही. जाड रबरी कव्हरवाला ताईचा जुना फोन मात्र ओठात बसत नाही. ओठ १० ऐवजी १३ मिमी करायला हवा होता. पुढच्या आवृत्तीत.

आता मुख्य बातमी. @आजोबा७२, रागावू नका.

ओठासाठी जे कार्ड कापलं ते आईच्या चालू नंबरचं निघालं. पट्टी कापताना त्याच्या मागचा पीयूके कापला गेला. आठातले सात आकडे माझ्याकडे आहेत. शेवटचा गेला.

आजोबा७२

लगेच काही होत नाही. पिन लावलेला नसेल तर पीयूकेची गरजच पडणार नाही.

खटपट्या

काका, तिथेच तर... बाबांनी काल पेपरात सिमच्या सुरक्षेवर काहीतरी वाचलं. सेटिंगमध्ये जाऊन सिम लॉक चालू करायला गेले. जुना पिन मागितला तर त्यांनी जन्मसाल घातलं. मग आईचं. मग लग्नाचं. तीन वेळा. आता स्क्रीनवर पीयूके मागतोय.

मधुरा_के

लग्नाचं साल तरी बरोबर घातलं का?

खटपट्या

त्यावरून वेगळं भांडण चालू आहे.

तराजूकाटा

थांबा. शेवटचा एक आकडा गेलाय म्हणजे शक्यता दहा. ० ते ९. आणि पीयूकेचे प्रयत्नही दहा. काही तोडगा सापडेपर्यंत शून्यापासून क्रमाने जा. गणिताने तुम्ही हरूच शकत नाही.

उंटावरचा_शहाणा

दहावा प्रयत्न टाकायची हिंमत आहे का पण? सातातला एखादा आकडा चुकीचा वाचला असेल तर? ३ आणि ८? कापलेल्या कडेला १ आणि ७?

आजोबा७२

कृपा करून हा खेळ खेळू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने ओळख सांगितली की पीयूके देतात, पैसे लागत नाहीत. आणि नंबर मिळाला की वहीत लिहा. वहीत!

विदर्भाचा_वाघ

भाऊ, एक विचारू? कापलेला तुकडा कचऱ्यात गेला का? तुमच्या घरात तर काही टाकतच नाहीत.

खटपट्या

@वाघ, तुम्ही महान आहात.

आईच्या शिवणाच्या डब्यात दोऱ्याच्या रिळाखाली सापडला. तिने "कामी येईल" म्हणून ठेवला होता. दीड मिमीची पट्टी. त्यावर आकडा अर्धाच आहे, वरचा गोल भाग. ०, ८ किंवा ९. ग्राहक सेवेची लाइन पंचवीस मिनिटं लागली नव्हती, म्हणून बाबांच्या डोळ्यांदेखत ८ टाकून बघितला. चुकला. ९ लागला. नवा पिन लावला, आता तो बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. सुरक्षा!

नंबर वहीत लिहिला, काका. सांगाड्याचा फोटोही काढून ठेवला.

आजोबा७२

फोटो त्याच फोनमध्ये?

खटपट्या

...बदलतो.

न्यू_जर्सीची_सून

सगळं वाचून हसून हसून बेजार. पण माझे दोन सांगाडे?

सिन्नरकर

ताई, माझ्याकडे आहेत, पुण्यात पाठवून देतो. आणि सोबत कॅसेटचं कव्हरही देतो, घेऊन तर बघा.

खटपट्या

आज संध्याकाळचा अहवाल : चाळीस मिनिटांचा कॉल झाला, स्टँड एकदाही पडला नाही. ताई म्हणाली, "आई, आज पंखा कुठे गेला?" आईने फोन उचलून तिला पंखा दाखवला.